दोन नंबरचं गाणं

आमच्या गावचे पिंजारी चाचा तरुणपणी एक हिवाळा इंग्लंडात काढून आले होते. तिथून त्यांनी घड्याळ आणलं नाही, कोट आणला नाही, बायकोसाठी अत्तराची बाटलीसुद्धा आणली नाही. आणली ती बशीएवढी एक काळी रेकॉर्ड. ती त्यांच्या दुकानात, कापूस पिंजायच्या मशीनच्या वरच्या फळीवर, फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. दुपारचं जेवण झालं की चाचा ती शेजारच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर लावायचे आणि गाद्यांना टाके घालायचे.

मुंबईला गादीकामाला म्हणून गेलेले चाचा एका नातेवाइकाच्या ओळखीनं मालवाहू जहाजावर भांडी घासायला लागले. ते जहाज उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा बंदरात बिघडलं आणि हिवाळाभर तिथंच पडून राहिलं. "तिकडं पाऊस पडत नाई," चाचा सांगायचे, "गळते. आपल्या शाळेच्या पत्र्यावानी. दिवसभर टिपटिप, टिपटिप." मग शनिवार आला की जहाजावरचा खानसामा त्यांना एका नाचाच्या हॉलमध्ये घेऊन जायचा. तिथं कारखान्यातली पोरं-पोरी घामाघूम होईपर्यंत एकाच माणसाच्या गाण्यावर नाचायची. तो गाणारा अमेरिकेतला, काळा. त्याच्या गाण्याच्या प्रकाराला सोल म्हणतात, असं चाचांनी गावाला सांगितलं तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलं होतं, "सोल? बुटाचा?"

"नाई हो भाऊ. सोल म्हंजे रूह. आत्मा."

"मंग भजन म्हना ना."

"भजन नाई. बायको सोडून चालली, तिले म्हनते नको जाऊ."

"त्याच्यात आत्मा कुठी आला?"

"बायको गेल्यावर समजते," चाचा म्हणाले.

या गायकाला त्याच्या स्वतःच्या मुलखात कोणी विचारत नव्हतं. पण समुद्रापलीकडच्या त्या ओल्या मुलखात त्याची रेकॉर्ड खपायला लागली. तिथं दर आठवड्याला रेडिओवर गाण्यांचे नंबर सांगत. कोणतं गाणं किती विकलं गेलं, त्यावरून पहिला, दुसरा, तिसरा. चाचा ही गोष्ट आम्हाला बाजारभावासारखी समजावून द्यायचे. "या हप्त्यात विसावा. पुढच्या हप्त्यात बारावा. मंग सातवा. मी भांडी घासत रेडिओ आयकत राहो. सातव्याचा चौथा झाला त्या दिवशी माह्या हातून कपबशी फुटली." आणि चौथ्याचा दुसरा झाला त्याच आठवड्यात जहाज दुरुस्त होऊन निघालं. समुद्रात रेडिओला खरखरीशिवाय काही लागेना. पुढं काय झालं ते चाचांना कधी कळलंच नाही. पण त्यांच्या मनात शंका नव्हती. "पयला आलाच असन. इतक्या वर जाऊन मानूस थांबते का?"

गावानंही ते मान्य केलं होतं. आमच्या गल्लीतल्या बायका भाकरी थापताना ती चाल गुणगुणायच्या. शब्द कुणालाच येत नव्हते. चाचांना येत होते असं चाचांना वाटायचं.

मी वरवट बकालच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो त्या सुमारास आमच्याकडं बीटी कापूस आला. पहिली दोन वर्षं झाडं बोंडांनी अशी लगडली की वडील संध्याकाळी उगाचच शेतात चक्कर मारून यायचे. मग एका वर्षी पावसानं दगा दिला. ज्या अळीला हा कापूस खाताच येणार नाही असं सांगितलं होतं, ती अळी बोंडात आरामात बसलेली सापडली. जो कापूस आला त्याला भाव नव्हता. तो घराघरात भरून पडला. आमच्या बैठकीत छतापर्यंत कापूस होता. पाहुणा आला की त्याला त्या ढिगावरच बसवायचं, आणि तो घटकाभरात कमरेपर्यंत आत जायचा. आजूबाजूच्या गावांतून वाईट बातम्या येत होत्या. कोण कुणाचा काका, कोण कुणाचा जावई. त्या बातम्यांबद्दल चावडीवर माणसं फार बोलत नसत.

आणि त्या बातम्यांमागून गाड्या यायला लागल्या. आधी नागपूरच्या, मग मुंबईच्या, मग दिल्लीच्या. प्रत्येक गाडीतून कॅमेरा उतरायचा, आणि इंग्रजीची गरज लागली की मला बोलावणं यायचं. आमचे वडील दिसायला उंच, वाळलेले, कपाळावर ठळक आठ्या. सगळ्यांना तेच पसंत पडायचे. त्यांना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसवून विचारायचं, "कसं वाटतं?" वडील आधी खरंच विचार करून उत्तर द्यायचे. चौथ्या-पाचव्या गाडीपर्यंत त्यांना जमून गेलं. गाडी दिसली की स्वतःच धुऱ्यावर जाऊन बसायचे, आणि बारीक डोळे करून आभाळाकडं बघायचे.

"इतकं तोंड पाडून बसू नका," आई म्हणायची. "लोकाईले वाटन मी जेवाले देत नाई."

त्या हिवाळ्यात परदेशातली एक गाडी आली. एक गोरी बाई आणि तिचा दाढीवाला कॅमेरामन. बाई पन्नाशीची, अंगानं भरलेली, उन्हानं चेहरा गाजरासारखा झालेला. बोलायला मायाळू होती. तिनं वडिलांची मुलाखत घेतली, आमच्या बैठकीतल्या ढिगात एकदा रुतली, तिला दोघांनी ओढून काढलं. मग तिला गावात कापसाचं काम कुठं चालतं ते बघायचं होतं. म्हणून मी तिला चाचांच्या दुकानात नेलं. मागून वडील, आई आणि निम्मी गल्ली.

चाचा एका जुन्या गादीतला कापूस मशीनवर पिंजत होते तोच लाइट गेली. भारनियमनाची वेळ. त्यांनी कपाळावरचा कापूस पुसला आणि बाईकडं बघून मला म्हणाले, "मास्तर, इचार हिले, कोनत्या गावची?"

मी विचारलं. तिनं उत्तर इंग्लंडातलं एक गाव सांगितलं. चाचा उभे राहिले. त्यांचं जहाज पडून होतं ते बंदर तिथून बसनं जाण्याएवढंच दूर होतं.

बाईनं माझ्यामार्फत त्यांना विचारलं की कापसाच्या या संकटाचा त्यांच्या धंद्यावर काय परिणाम झाला. चाचांनी तो प्रश्न ऐकलाच नाही. ते फळीवरून फडकं काढायला लागले, मग त्यांना आठवलं की लाइट नाही. तेव्हा त्यांनी फडकं छातीशी धरलं, डोळे मिटले आणि गायला लागले.

मी खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचांचा आवाज म्हणजे कोरड्या विहिरीवरचा रहाट. शब्द तर इंग्रजी नव्हते, मराठी नव्हते, उर्दूही नव्हते. कॅमेरामन माझ्याकडं बघायला लागला. मी बाईला सांगायच्या तयारीत होतो की यांना जरा बरं नाही. पण बाईनं हात वर करून मला थांबवलं. दुसऱ्या ओळीला तिचं तोंड उघडं पडलं. तिसऱ्या ओळीला ती चाचांबरोबर गायला लागली, आणि तिच्या तोंडून ते शब्द पहिल्यांदाच शब्दांसारखे ऐकू आले.

"बापा!" आई म्हणाली. "इच्याकडं बी हेच गानं हाय?"

बाई धाडधाड बोलत सुटली आणि मी जमेल तसं सांगत गेलो. ती सोळा वर्षांची असताना बिस्किटांच्या कारखान्यात कामाला होती. दर शनिवारी त्याच हॉलमध्ये जायची. चाचा ज्या हिवाळ्याचं सांगायचे, त्याच हिवाळ्यात. तिनं चाचांना पाहिलं असेल का? चाचांना ती आठवत होती का? दोघांनी एकमेकांकडं बराच वेळ निरखून बघितलं. शेवटी चाचा म्हणाले, "तिले सांग, तवा माह्या डोक्यावर लय केस होते." मी सांगितलं. ती म्हणाली, "माझी कंबरही तेव्हा वेगळी होती." हे मी मराठीत सांगितलं नाही. पण तिनं हातानं दाखवल्यामुळं सगळ्या बायकांना समजलं.

लाइट यायला वेळ होता. बाई जायचं नाव घेईना. कॅमेरामन घड्याळ दाखवत होता, त्याला अजून दोन गावं करायची होती. आईनं चहा आणला. बायकांनी या निमित्तानं इतक्या वर्षांची शंका विचारून घेतली: या गाण्यात तो म्हणतो तरी काय?

बाईनं ओळीओळीनं सांगितलं. तो म्हणतो, तू गेलीस तर मी दारात बसून राहीन. ऊन आलं तरी बसेन, थंडी आली तरी बसेन. जेवणार नाही, झोपणार नाही, दारातच बसेन.

"बसून काय होईन?" आई म्हणाली. "कामाले जाय म्हना. म्हनूनच गेली असन थे."

बाईला मी हे जसंच्या तसं सांगितलं. ती इतकी हसली की चहा तिच्या नाकात गेला.

मग चाचांनी तो प्रश्न विचारला. त्याआधी त्यांनी टोपी नीट केली. "मास्तर, तिले इचार. आमचं जहाज निघालं तवा गानं दोन नंबरवर होतं. पुढच्या हप्त्यात पयलं आलं का नाई?"

मी विचारलं. बाईचा चेहरा पडला. नाही, ती म्हणाली. दोन नंबरवर ते तीन आठवडे होतं, मग खाली गेलं.

"मंग पयलं कोन होतं?"

एक गमतीचं गाणं होतं, ती म्हणाली. एक म्हातारा पोपटाचा आवाज काढून गायचा.

चाचांनी नीट केलेली टोपी परत मागं सरकवली. मग म्हणाले, "पोपट?"

"पोपट."

"मास्तर, तू बराबर आयकलं का? पोपट का पोपटराव?"

"पोपटच, चाचा."

त्यांनी खाली बसून सुई-दोरा उचलला आणि अर्धवट गादीला दोन टाके घातले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या माणसाला किती जणांपुढं पहिला आणला होता! लग्नात, उरुसात, एसटीच्या स्टँडवर. आमच्या गल्लीतला एक वात्रट मागून म्हणाला, "म्हंजे चाचा, तुमचा मानूस दोन नंबरचाच निघाला!" त्या दिवसांत दोन नंबर म्हटलं की आमच्याकडं पहिलं आठवायचं ते रात्री पिशवीतून विकलं जाणारं चोरबियाणं. सगळे हसले. चाचांनी मान वर केली आणि त्याच्याकडं असं बघितलं की तो आपोआप मागं सरकला.

"त्याच्या घरी त्याले कोनी पान्याले बी विचारत नव्हतं," चाचा म्हणाले. "परक्याच्या मुलकात दुसरा आला थो. तू तालुक्यात कितवा आला बे?"

बाईनं विचारलं काय चाललंय. मी सांगितलं. मग तिनं आपणहून चाचांना सांगितलं की तो गायक पुढं त्यांच्याकडं गायला आला, तो परत अमेरिकेला गेलाच नाही. तिकडंच राहिला, तिकडंच लग्न केलं. अजून गातो. समुद्रकाठच्या एका हॉलमध्ये वर्षातून एकदा सगळे जुने लोक जमतात, गुडघ्यांना पट्ट्या बांधून नाचतात, आणि तो खुर्चीवर बसून गातो.

"बायको गेली नाई ना त्याची?" चाचांनी विचारलं.

"नाही. तीच त्याला गाडीतून घेऊन येते."

चाचांचं समाधान झालेलं दिसलं. ते पोपटाबद्दल काही तरी पुटपुटले, पण पहिल्याइतकं रागानं नाही.

तेवढ्यात लाइट आली. चाचा मशीनचं बटन बंद करायला विसरले होते. मशीन एकदम घरघरलं आणि आतला कापूस भसाभस बाहेर उडाला. बाईच्या केसांत, कॅमेरामनच्या दाढीत, चहाच्या कपांत, सगळीकडं कापूस. चाचा धावत बटनाकडं गेले, तिथून धावत फळीकडं गेले. रेकॉर्ड सुरू झाली. आधी खरखर, मग ढोल, मग तो आवाज.

बाईनं माझा दंड धरला. "पावडर! घरात पावडर आहे का, तोंडाला लावायची?"

मला वाटलं तिला कॅमेऱ्यापुढं जायचंय. आईनं धावत जाऊन डबा आणला, ठेवणीतला, लग्नकार्यालाच उघडायचा. बाईनं झाकण काढलं आणि मूठभर पावडर सरळ जमिनीवर फेकली. मग आणखी एक मूठ. आईच्या तोंडून "अगं माय!" एवढंच निघालं. नंतर कळलं की त्या हॉलमध्ये पाय सरकावा म्हणून फरशीवर पावडर टाकायची रीत होती. पण ते नंतर.

बाई बूट काढून त्या पावडरीवर उभी राहिली आणि नाचायला लागली. आम्ही लग्नातला नाच पाहिला होता, गणपतीतला पाहिला होता. हे वेगळंच होतं. ती पाय घसटत डावीकडं गेली, उजवीकडं गेली, जागच्या जागी भोवऱ्यासारखी गरगर फिरली, एक पाय झटकला, खाली बसली, परत उठली. केस मोकळे, चेहरा लाल, अंगावर पांढरा कापूस, डोळे मिटलेले.

दारातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं हात जोडले. "अंगात आलं," ती म्हणाली.

मग काय विचारता! कुणी हळद आणायला पळालं, कुणी कुंकू. कुणी लिंबू कापलं. वडिलांनी टोपी काढली. मी ओरडून सांगत होतो की हा नाच आहे, त्यांच्याकडं असाच नाच असतो. पण माझं कोण ऐकतं? भंडाऱ्यासारखी पावडर उधळली होती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. गाणं संपलं आणि बाई धापा टाकत एका गादीवर बसली, तोवर आईनं तिच्या कपाळाला मळवट भरला होता.

"इचार तिले," आई मला म्हणाली, "कोनती देवी हाय?"

"आई, ती देवी नाही. पत्रकार आहे."

"तू इचार तर!"

मी विचारलं. बाईला वाटलं, तब्येत कशी आहे असं विचारताहेत. "मी ठीक आहे," ती म्हणाली, "फक्त श्वास पुरत नाही."

"म्हणते, मी ठीक आहे."

बायकांनी नमस्कार केले. आणि मग ती म्हातारी पुढं सरकली, बाईच्या पायाजवळ बसली. तिचं घर आमच्या घराच्या मागं. तिच्या घरातही कापूस छताला लागलेला होता. ती माझ्याकडं न बघता सरळ बाईकडं बघत म्हणाली, "माय, कापसाले भाव भेटन काय औंदा?"

कुणी हसलं नाही. रेकॉर्ड संपून सुई नुसती खरखरत होती. चाचांनी ती उचलली. मी प्रश्न इंग्रजीत सांगितला, आणि बाईला या वेळी बरोबर समजलं. तिनं म्हातारीचा हात हातात घेतला. काही तरी चांगलं बोलावं असं तिला फार वाटत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ती म्हणाली, "मला माहीत नाही."

"काय म्हनते?" म्हातारीनं विचारलं.

"म्हणते, मले माहीत नाई."

म्हातारीनं मान डोलावली. मग मागं वळून सगळ्यांना म्हणाली, "खरी देवी हाय. थो बियाण्यावाला आला होता, त्याले सगळं माहीत होतं. पुढारी आला, त्याले बी माहीत होतं. हे एकटीच म्हनते, मले माहीत नाई."

वडील खाली बघत होते. त्यांच्या कपाळावर आठ्या नव्हत्या, आणि नेमकं त्या वेळी त्यांचं चित्र कुणी घेत नव्हतं.

बाई संध्याकाळी गेली. जाताना चाचांकडून एक उशी घेतली. कॅमेरामननं कपाळावर हात मारला, तरी घेतली. तिनं काढलेली फिल्म आम्हाला कधी बघायला मिळाली नाही. पुण्याच्या एका नातेवाइकानं सांगितलं की त्यानं कुठं तरी पाहिली, त्यात वडील धुऱ्यावर बसलेले होते आणि मागं एक इंग्रजी गाणं होतं. वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, "मी कसा दिसत होतो?"

पण चाचांची पंचाईत बाई गेल्यावर सुरू झाली. पुढच्या मंगळवारी दोन बायका नारळ घेऊन दुकानात आल्या. ज्या गादीवर देवी बसली होती तिला त्यांनी हळदकुंकू लावलं. ती गादी एका मुलीच्या लग्नाच्या रुखवताची होती. शुक्रवारी सहा-सात बायका आल्या, त्यात दोन वरवट बकालच्या. चाचा पाच वेळचे नमाजी. ते धावत आमच्या घरी आले.

"मास्तर, काही तरी कर. मशिदीत लोक मले पाहून हासून राह्यले. काल एक जन म्हने, चाचा, नवस किती दिवसाचा?"

"मग दुकान दोन दिवस बंद ठेवा ना."

"अन खाऊ काय? कापूस?"

शेवटी आईनंच तोड काढली. ती बायकांना म्हणाली की देवी विमानात बसून आपल्या मुलखाला गेली, आता दुकानात कुणी नाही, नारळ फुकट जाईल. बायकांना ते पटलं. रुखवताच्या गादीची खोळ चाचांनी बदलून दिली. म्हातारी मात्र काही दिवसांनी परत आली. नारळ नव्हता. नुसतीच दारात उभी राहिली.

"काय पाह्यजे, माय?" चाचांनी विचारलं.

"तिले एकदा इचाराचं होतं. पोरगा म्हनते कापूस सोडून औंदा सोयाबीन लावू. लावाव का?"

चाचांनी सुई गादीत खोचली. "हे इचाराले देवी कायले पाह्यजे? मले इचार ना. पेरा सोयाबीन, खुशाल पेरा. मंग झोपसान कायच्यावर?"

म्हातारीनं थोडा विचार केला. "आमाले तसी बी झोप येत नाई," ती म्हणाली, आणि तिथंच गादीच्या कडेला बसून चाचांना दोरा ओवून द्यायला लागली.